महेशदादानं लावलेलं झाकण

हे वैशालीलाही माहीत नाही, आणि वैशाली माझी बायको आहे. ड्यूटीवरून आली की दारात बूट काढण्याच्या आवाजावरून तिचा दिवस कसा गेला ते मला कळतं, माझं तिला कळतं—तरी हे एक नाही. कितीदा तोंडाशी आलं. दर वेळी मी उठून चहा ठेवला. तुला सांगतोय, कारण तुझी आणि त्या माणसाची कधी गाठ पडणार नाही. एवढंच कारण. धाडस वगैरे काही नाही.

तो माणूस म्हणजे महेशदादा.

मी माण तालुक्यातला, शाळा नववीत सुटली. वैशाली नर्स, तिच्या व्हिसावर नॉटिंगहॅमला आलो. बसच्या ड्रायव्हरशी इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून कामाला चालत जायचो—कामाला कसलं, काम शोधायला. दादा पुण्याचा, मोठ्या कंपनीत. त्यानं माझा सीव्ही लिहिला, केअर होमच्या लॉन्ड्रीत चिकटवून दिलं, ड्रायव्हिंगची थिअरी स्वतःच्या किचनमध्ये बसवून पाठ करून घेतली. ‘दादा म्हण, पण अहो-जाहो नको,’ म्हणाला. आज मी व्हॅन चालवतो ती त्याच्यामुळे. अशा माणसाशी कोणी—थांब, नीट सांगतो.

दादाचा ट्रेकिंगचा ग्रुप होता. आम्ही सात-आठ मराठी माणसं, शनिवारी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत. एका ईस्टरला तो आम्हाला जॉर्डनच्या वाळवंटातल्या घळीत घेऊन गेला. दोन्ही बाजूंना लाल कातळ, पाठीवर बिऱ्हाड, मुक्काम उघड्यावर, पुढे तिथलाच एक वाटाड्या. दादाची बायको अंजलीवहिनी होती, इथेच जन्मलेली त्यांची मुलगी रियाही होती. वैशालीला रजा मिळाली नाही. सगळ्यांचं जादा पाणी माझ्या सॅकमध्ये—आट्यांच्या झाकणाची जाड पिशवी. ‘हा काय, गावाकडचा गडी, दगडसुद्धा पचवेल,’ असं सगळे म्हणायचे. मला आवडायचं ते. डिग्री नाही, इंग्रजी नाही, पण पाठ तर आहे! त्या माणसांत माझ्याकडे तेवढंच होतं.

शेवटच्या दिवशी टाचेचा फोड फुटला. सकाळी झऱ्यावर दादानं पिशवी भरली, झाकण आवळलं, माझ्या सॅकमध्ये बसवली. चालायला लागलो तर प्रत्येक पावलाला मोजा जखमेला चिकटायचा. मी मागे पडत गेलो. आणि बोलायचं कोणाला? कशाला बोलायचं? रिया माझ्यासाठी थांबली. म्हणाली, ‘काका, तुमचा बॅग मी घेऊ का? आय डोन्ट माइंड.’ शाळकरी पोरगी. तिच्या मनात काही नव्हतं. पण पुढच्या दोघांनी वळून पाहिलं आणि एक जण हसला, ‘काय रे, दगड पचला नाही वाटतं?’

मी लघवीचं निमित्त केलं, कातळाआड गेलो आणि पाणी ओतून दिलं.

ओल दिसायच्या आत वाळू कोरडी. तासाभरात घळ संपणार, तोंडाशी जीप उभी असणार, जीपमध्ये पाणी असणार—हेच डोक्यात. टँकरवर एका हंड्यासाठी भांडलेल्या आईचा मी मुलगा. मला कोणी सांगायला हवं होतं का, पाणी म्हणजे काय?

एवढंच असतं तर सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. पण एवढंच नाही. रिकामी पिशवी दिसली तर? म्हणून मी तळाशी थोडं पाणी ठेवलं, झाकण सैल केलं, आणि ते सॅकमधल्या माझ्या कपड्यांवर झिरपू दिलं. गळलं असं वाटावं म्हणून. हे घाबरून हातून होत नाही. याला डोकं लागतं. शाळेत कधी चाललं नाही ते डोकं त्या कातळाआड बरोबर चाललं.

जीप नव्हती. वाटेत कुठेतरी रुतली होती. वाटाड्या मदत आणायला पायी पुढे गेला. सावली उरली नव्हती. वहिनींना सकाळपासूनच गरगरत होतं, आता उलट्या सुरू झाल्या. मग त्या रियाला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाका मारायला लागल्या. रिया रडत म्हणत होती, ‘मम्मा, मी रिया आहे.’ बाटल्या संपल्या होत्या. दादा माझ्या सॅककडे धावला.

चपटी पिशवी बाहेर आली. त्यानं झाकण पाहिलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘अरे देवा,’ म्हणाला. ‘सकाळी मीच लावलं होतं.’

आणि मी काय म्हणालो? ‘असू दे, दादा. होतं कधीकधी.’

मी त्याला माफ केलं! माझा ओला शर्ट पिळून तो वहिनींच्या ओठांवर थेंब सोडत होता, आणि मी शेजारी मोठ्या मनाचा बनून उभा.

जीप आली. वहिनी दवाखान्यात सलाइनवर राहिल्या, वाचल्या. विमानात सगळे मला म्हणाले, तुझे कपडे भिजले तरी तू एक शब्द बोलला नाहीस. वहिनी दादाला एकदाच बोलल्या, सगळ्यांदेखत—‘तुझ्यावर विसंबून रियाला घेऊन आले होते मी.’ त्यानंतर दादानं ग्रुप सोडला. स्वतःची सॅक मला देऊन टाकली. अजून कुठे जमलो की कोणीतरी म्हणतंच, ‘झाकण महेशनं लावलंय का? मग एकदा उघडून बघा.’ तोही हसतो. मला संताप येतो. त्यांचा, आणि खरं सांगू? त्याचाही. का एवढ्या पटकन अंगावर घेतलंस? एकदा तरी माझ्याकडे बघायचं होतंस! बघ, अजूनही मी त्याच्यातच खोट शोधतोय.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. वहिनींनी वैशालीसाठी आमटी दिली. दादानं डबा बंद केला, सिंकवर उलटा धरला, हलवला. थेंब पडला नाही. पुन्हा उलटा धरला. मग पुसून माझ्यापुढे केला.

‘बघ रे, नीट लागलंय ना?’

‘लागलंय, दादा,’ म्हणालो, आणि डबा घेऊन निघालो.