तिसऱ्या डोमेनची कॉपी

मलकापूरला काकांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिससाठी मी मेल सर्व्हर बसवला, तेव्हा त्यावर तीन डोमेन, म्हणजे मेलसाठी तीन वेगळी नावं, होती. एक जिनिंगचं, दुसरं चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, कृषी केंद्राचं आणि तिसरं वहिनीच्या शिवणक्लासचं. भाड्याचा एक छोटा लिनक्स सर्व्हर तिघांना पुरत होता. माणसांशी बोलण्यापेक्षा मला हे काम सोपं जातं. काही चुकलं तर सर्व्हर कुठे चुकलं ते लिहून दाखवतो, आवाज चढवत नाही.

काकांची एकच अट होती. "सगळ्याईची एक कॉपी माह्याकडे आली पाह्यजे. अन् त्याईले सांगाचं नाही."

आजवर ऑफिसात येणारं टपाल त्यांनीच फोडलं होतं, घरच्यांच्या नावाचंसुद्धा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मी मान हलवली. मग दोन डोमेनना कॉपी लावली आणि तिसरं तसंच सोडलं.

वहिनीने अकोल्याच्या एका शाळेत अर्ज केला होता. शिक्षिकेची जागा, राहायला खोली, मुलीला तिथेच प्रवेश. हे फक्त मला माहीत होतं. दादाचा हात उठतो, हे मात्र सगळ्या घराला माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. घरातल्या प्रत्येक फोनवर दादाचंच खातं चालू असायचं. वहिनीला स्वतःचा म्हणावा असा पत्ता मी दिलेला, तेवढाच.

"ताई, हे लागलं तर लागलं," मेथी निवडता निवडता ती म्हणाली होती. "पुन्हा अर्ज कराची हिंमत माह्यात राहणार नाही."

त्या रविवारी दुपारी मी ऑफिसात बसून लॉग, म्हणजे मेलच्या ये-जाची सर्व्हरने ठेवलेली नोंद, बघत होते. अनोळखी पत्त्यावरून आलेलं मेल माझा सर्व्हर पहिल्यांदा घेत नाही, थोड्या वेळाने परत पाठवा म्हणतो. स्पॅमवाले परत येत नाहीत, खरे लोक येतात. लॉगमध्ये अकोल्याच्या शाळेचं नाव दिसलं. त्यांचं मेल सर्व्हरने नुकतंच परत पाठवलं होतं. म्हणजे ते पुन्हा येणार होतं.

तेवढ्यात काका आत आले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. कापसाची गाडी आली की काका वरचा कापूस बघत नाहीत, कोपरापर्यंत हात घालून आतला बाहेर काढतात. मेलचंही त्यांनी तसंच केलं होतं. तिन्ही पत्त्यांवर स्वतःच एकेक मेल टाकून बघितलं होतं.

"दोघाईची कॉपी आली. तिची काऊन नाही आली?"

"राहिली असेल."

"मंग आता लाव. मी बसून आहो."

सर्व्हर बंदच करावा, असं एकदा मनात आलं. पण काका स्क्रीनकडे बघतच नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. मी तिच्या डोमेनला कॉपीची ओळ लिहिली. त्यांनी तिच्या पत्त्यावर दुसरं मेल टाकलं. त्याची कॉपी आली. "हं," ते म्हणाले, पण उठले नाहीत. बाहेर हायवेवर ट्रक जात होते. मी लॉगवरून नजर काढली नाही, जणू माझ्या बघण्याने ते मेल तिकडेच थांबणार होतं.

मग काकांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, इंग्रजी बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"वाच. एवढी फी भरून तुले इंग्रजी शाळेत काऊन टाकलं?"

अकोल्याच्या शाळेचं मेल होतं, वहिनीची निवड झाली होती. सोमवारपर्यंत होकार कळवा, असं लिहिलं होतं.

"जाहिरात आहे," मी म्हणाले. "शिलाई मशीनची."

"अस्सं." त्यांनी फोन परत घेतला आणि मजकुरावर बोट दाबून धरलं. खाली मराठी अक्षरं उमटली. काकांनी ती ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली. मी उठले.

"बस," ते म्हणाले. "तिच्या मेलचा पासवर्ड या कागदावर लिहून दे."

मला माहीत नाही म्हणायची सोय नव्हती, जुना बदलून मी नवा लावू शकते हे त्यांना माहीत होतं. मी नवा लावला आणि लिहून दिला.

वहिनीला मी संध्याकाळीच सगळं सांगितलं. तोवर तिचा फोन दादाने काढून घेतला होता. ती मुलीची वेणी घालत होती. ऐकता ऐकता तिने ती पुरी केली.

सोमवारी सकाळी मी लॉग उघडला. वहिनीच्या पत्त्यावरून अकोल्याच्या शाळेला एक उत्तर गेलं होतं. वहिनीकडे तर फोनही नव्हता आणि नवा पासवर्डही. त्यात काय लिहिलंय ते लॉगमध्ये दिसत नाही, फक्त गेलं आणि तिकडे पोचलं, एवढंच कळतं. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. वहिनी तिथे कपडे वाळत घालत होती.