चोवीसवर अडून बसलेली भिंत

एप्रिलचा शेवटचा सोमवार. लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते वर्ष. काम एकच – भोकरहून विहीणबाई पोचायच्या आत एसी सुरू करणे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. घरकामातून वेळच मिळत नाही… तरी हे घडलं.

लेक सुषमा पहिल्या बाळंतपणाला आलेली. बाळाच्या अंगभर घामोळं. कुलरमध्ये ओतायला पाणी नाही, म्हणून बंद पडलेल्या कापड दुकानातला जुना एसी आणला. त्याला रिमोट नाही. भिंतीवर थर्मोस्टॅटची डबी. तिचं बटण बिघडून पंचविसावर अडकलेलं; खोली त्याहून तापलीय असं डबीला वाटलं, तरच एसी सुरू होणार.

विहीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "एसी चालू नसंल तर सून अन् लेकरू घिऊनच जाते. आमच्या बोअरला पाणी हाय." सुषमा तोंड पाडून बसली. सव्वा महिना माहेरी पडून राहायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं.

आम्ही घामाने निथळत होतो आणि डबी दाखवत होती – चोवीस! मी सेल बदलले. फिल्टर झटकला, धुवायला पाणी कुठलं? मेन स्विच बंद-चालू केला. चोवीसच.

मेकॅनिक इरफानभाईंनी डबी काढून ओसरीत नेली. एक्केचाळीस. परत भिंतीवर लावली. चोवीस.

"भाभी, डबी बराबर हाय. तुमची दीवारच थंडी हाय."

मी हात लावला. ओल्या फडक्यासारखी गार, पण कोरडी! तो सगळा कोपराच गार. भिंतीच्या पलीकडे गल्ली; तिथे जाऊन हात लावला तर उन्हाने चटका बसला. आत पाइप नाही. असता तरी त्यात काय होतं?

"लोबान जाळा, भाभी."

"आधी लांब वायर आणा. डबी दुसऱ्या भिंतीवर लावू."

"उद्या आणतो," म्हणून ते गेले, तोच दारात रिक्षा थांबली.

"सुषमा, बाज त्या कोपऱ्यात ओढ!"

विहीणबाई बाजेवर टेकल्या. पदराने वारा घेता घेता थांबल्या आणि तोच पदर खांद्यावर ओढून घेतला.

"एसी लई भारी हाय की हो. आवाज बी न्हाई!"

"नवीन पद्धतीचा आहे," मी म्हणाले.

"जरा कमी करा. लेकराला सर्दी व्हईल."

सुषमाने तोंडात पदर कोंबला. मी उठून डबीचं बटण उगाच दाबलं. "झालं का?"

"हां, आता बरं हाय. सव्वा महिना ऱ्हाऊ द्या हितंच."

गवंड्याला विचारलं, इंजिनिअर भाच्याला विचारलं. पावसाळ्यात ती भिंत चारचौघींसारखी झाली. कारण आजही कोणाला सांगता येत नाही; मलाही नाही.

विहीणबाई आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इरफानभाईंना फोन केला – वायर आणू नका. आणि बाजेशेजारी, भिंतीला लागून, माझी सतरंजी टाकली. घरात बाकीचे जागे व्हायच्या आत.