चौदा-पंधराचा पाना

नानामामा गेल्याची बातमी त्यांच्या जानेफळहून बुलढाण्याला माझ्याकडे यायच्या आधी सीमेवर पोचली होती. माझ्या मुलाचा, सचिनचा, फोन तिकडूनच आला. "बाबा, नानाआजोबा गेले. तुमाले कोनी सांगतलं नाही काय?" मला कोण सांगणार... मामांनी मार्गी लावलेले जवान देशभर, त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप, आणि मी त्यात नव्हतो. मामांच्या परीक्षेत मी बाराव्या वर्षीच नापास झालो होतो.

परीक्षा अशी. मामा फौजेतून सुभेदार होऊन परतले, आणि सुटीवर आलेला आसपासचा प्रत्येक तरुण शिपाई त्यांच्या विहिरीवर येऊ लागला. प्रश्न एकच : हुद्द्याची वाट धरू, की तांत्रिक कोर्सची? मामा उत्तर देत नसत. विहिरीवरच्या मोटरीची एक वायर स्वतःच ढिली करून ठेवत, चार माणसं उभी करत आणि म्हणत, "मोटर बंद हाये. पाहा बरं." जो आधी पाना उचलेल, तो कारागीर. जो आधी माणसांकडे वळून कोणाला काय येतं ते विचारेल, त्याच्या हाताखाली उद्या दहा जवान देता येतील. मी काय केलं? मामीकडे चहा मागितला. "हा कचेरीत जाईन," मामा म्हणाले. आज मी कचेरीतच आहे.

त्याची भरपाई मी सचिनकडून करून घेणार होतो. तो शिपाई होऊन पहिल्यांदा सुटीवर आला, तेव्हा रेडिओ-दुरुस्तीच्या कोर्सचा अर्ज त्याच्या खिशात होता, सुटी संपत आली होती. मला मात्र त्याच्या दंडावर हवालदाराच्या तीन फिती दिसत होत्या, शक्यतो लग्नाच्या फोटोत. विहिरीकडे जाताना मी त्याला बजावलं, "पान्याले हात लावू नको. मानसाईले हुकूम सोड."

पोरगं ऐकणारं. त्यानं खरंच हुकूम सोडले. "काका, तुमी पाइप धरा. बाबा, तुमी मांगं सरका." मला मागं सरकवलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. मामा खाटेवर बसून हसत होते.

"काऊन रे बाप्पा, तोंड बापाचं बोलून राह्यलं, आन् कान मोटरीकडं?"

सचिन लाजला. "आजोबा, बटन दाबलं का नुसती घुरघुरते. वायर सुटली असन."

"पण मामा, हुद्दा मोठा की नाही..." मी म्हणालो. मामांनी पाना माझ्या हातात दिला. एक तोंड चौदाचं, दुसरं पंधराचं.

"मोठं कोनतं?"

"पंधराचं."

"मंग लाव त्या झाकनाच्या नटाले."

लावलं. पाना गरकन फिरला, बोटांची सालटी निघाली. सगळे पोट धरून हसले, सगळ्यात जास्त सचिन.

"नट चौदाचा हाये बे," मामा म्हणाले. "पंधराचं मोठं हाये म्हणून त्याले लागते काय?"

सचिननं पाना उलटा केला. थोड्या वेळानं पाणी पडलं, आणि दुसऱ्या दिवशी कोर्सचा अर्ज रवाना झाला. आता तिकडे सीमेवर कुठलाही रेडिओ सेट मुका झाला की आधी त्यालाच हाक जाते. हे मी कचेरीत सगळ्यांना सांगून झालंय, काहींना दोनदा.

तेराव्यानंतर विहिरीवर गेलो. पाना खिळ्याला तसाच टांगलेला.

"मोटर बंदच हाये," मामी म्हणाली. "तुह्या मामानं जायच्या आदल्या दिशी काहीतरी केलं, आन् मले हात लावू देला नाही. कोनी जवान येनार होता म्हने."

मी पाना लावला. गरकन फिरला. बोट चोखत उलटा केला... बसला. झाकण उघडलं, तर आत तीच वायर, नीट ढिली करून ठेवलेली. मी ती तशीच राहू दिली आणि झाकण लावलं. येईल तो जवान. चार माणसं उभी करायला मी आहेच.

"मामी," मी म्हणालो, "थोडा चहा मांडता काय?"