नवी कडवी दोन

निळ्या काकूंना घड्याळ कळत नाही असं नाही. चांगलं कळतं. पण रंगाच्या कारखान्यात घड्याळ काय कामाचं? हात कोपरापर्यंत निळीच्या हौदात, वाफेने भिंतींना घाम फुटलेला, आणि कापड बुडवून किती वेळ झाला हे मान वर करून बघायला फुरसत कुणाला? म्हणून तिथे गाणं म्हणतात. गाणं सुरू झालं की कापड आत, संपलं की बाहेर. ही युक्ती कुणी काढली ते कुणालाच ठाऊक नाही, पण जिने काढली तिचं डोकं मालकापेक्षा बरं चालत असणार.

काकू एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या आणि आठव्या दिवशी सासूच्या शेजारच्या हौदावर उभ्या राहिल्या. सासूने आधी गाणं शिकवलं, काम नंतर. गाणं तेव्हा पाच कडव्यांचं होतं. एक बाई पाण्याला विचारते, माझं पांढरं कापड घेतलंस, परत देताना काय देशील? मग नदी येते, विहीर येते, माहेरची वाट येते. विहिरीचं कडवं म्हणताना सासूबाई डोळे मिटायच्या. एरवी ती बाई डोळे मिटणाऱ्यांतली नव्हती. कापड फिकं निघालं की सगळ्यांदेखत विचारायची, "कडवं खाल्लंस का गं?"

तिसऱ्या वर्षी काकूंना मुलगी झाली. चालायला लागल्यापासून ती कारखान्यातच असायची. सांडलेल्या पाण्यातून थबाथबा चालायची, जमिनीवर निळी पावलं उठायची, आजी ओरडायची आणि पोर आणखी दोन फेऱ्या मारायची. साडेतीन वर्षांची असताना तिला ताप आला. तीन दिवस. चौथ्या दिवशी ती नव्हती.

महिन्याने काकू कामावर परतल्या. नेमक्या त्याच आठवड्यात मालकाने निळीची नवी पूड आणली होती. ती रंग चढवायला वेळ लावायची. मुकादम म्हणाला, गाणं पुरत नाही, दोन कडवी वाढवा. जसं काही गाणं म्हणजे झग्याचा दुमडलेला काठ, उसवला की झाला लांब! काकूंच्या नणंदेने, जिची जीभ कात्रीला लाजवेल, उभ्याउभ्या मुकादमाच्या मिशीवरच कडवं रचलं. मिशीला नीळ लागली, आता बायको ओळखीना, असं काहीसं. सगळ्या हसल्या. मुकादमही हसला, करतो काय! पण अजून एक कडवं हवं होतं, कापड अजून आतच होतं. तेव्हा काकूंच्या तोंडून निघून गेलं:

ओल्या जमिनीवर उमटली गं इवली इवली पावलं,
ऊन आलं, जमीन सुकली, कुणी गं नेली पावलं?

पुढच्या बुडीला नणंदेने ते कडवं उचललं, त्यापुढच्या बुडीला सगळ्यांनी. काकू रडल्या नाहीत. त्यांनी कापड वेळेवर बाहेर काढलं. घरीही तो विषय निघाला नाही. पोरीचं नाव घ्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण घेतलं कुणीच नाही.

याला अडतीस वर्षं झाली. गाणं मात्र घरात बसलं नाही. कारखान्यातली एक बाई दुसऱ्या गावी गेली, तिच्याकडून ते एका गायिकेने उचललं, मग रेडिओवर आलं. गायिकेने लांबण नको म्हणून तीनच कडवी ठेवली, पण पावलांचं ठेवलं. लोक त्याच्यावर जीव टाकू लागले. कुणी त्याचं अंगाईगीत केलं, कुणी ढोल बडवून नाचायचं गाणं केलं. शाळेच्या संमेलनात मिशीच्या कडव्यातला मुकादम जाऊन मामा आला. कहर म्हणजे लहान मुलांच्या बुटांच्या जाहिरातीतसुद्धा पावलं वाजली. नणंदेने तरातरा उठून टीव्ही बंद केला. काकूंना राग आला नव्हता. पोर कुठेतरी चालते आहे असं त्यांना वाटायचं, आणि ते बरं वाटायचं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. बाकीच्या जुन्या बायकाही एकेक करून गेल्या. कडवं काकूंचं, हे जाणणारी आता एक नणंदच उरली होती.

मागच्या वर्षी कारखान्यात नव्या मुली आल्या. त्यांना गाणं येतं म्हणाल्या. येतच होतं, फोनवरून शिकलेलं, तीन कडव्यांचं. त्यांनी तीन कडवी म्हटली आणि कापड बाहेर काढलं. चाळीस तागे गडद निळ्याच्या जागी फिक्कट आभाळी! मालक थयथयाट करत होता आणि मुली सांगत होत्या, आम्ही पूर्ण गाणं म्हटलंय हो. ही गंमत वर्तमानपत्रात छापून आली आणि ती वाचून लोकगीतं जमवणाऱ्या एक संशोधक बाई काकूंच्या दारात हजर झाल्या.

बाई हुशार होत्या, यात वाद नाही. त्यांनी हौदाशी उभं राहून सेकंदांचा हिशेब लावला. जुन्या निळीला पाच कडवी पुरत, नव्या पुडीला सात लागतात, म्हणजे दोन कडवी मागाहून घातलेली. त्यांचं पुस्तक निघणार होतं, अस्सल पाच कडव्यांचं. शाळा, स्पर्धा, रेडिओ, सगळे आता तेच घेणार होते. भेसळ तेवढी काढून टाकायची, असं त्या चहा पिता पिता म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडली.

"कोणती दोन नवी, तेवढं सांगा."

काकूंनी कप खाली ठेवला. खरं सांगावं तर पोर दुसऱ्यांदा जाणार. खोटं सांगावं तर कुणा जुन्या बाईचं कडवं आपल्या हाताने बाहेर काढायचं. आणि खोटं पचणार कसं? शेजारी नणंद बसलेली, जिने स्वतःचं जमत आलेलं लग्न खरं बोलून मोडलं होतं. काकूंनी तिच्याकडे बघितलंच नाही.

"मी सांगते," नणंद म्हणाली. "मिशीचं नवं. ते माझंच. आणि विहिरीचं नवं."

बाईंनी लिहून घेतलं. पावलांच्या कडव्याबद्दल विचारलं तर नणंद म्हणाली, ते फार जुनं, आमच्या आईची आईसुद्धा म्हणायची. बाई खूश झाल्या. त्यांचाही तसाच अंदाज होता, इतकं साधं कडवं हल्लीचं असूच शकत नाही.

बाई गेल्यावर नणंद कप विसळायला उठली.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "विहिरीचं सासूबाईंच्या जिवाचं होतं हो. तुम्ही आईचं कडवं काढून दिलंत."

नणंदेने वळून पाहिलं नाही. "आई ऐंशी वर्षं जगली. तिचे फोटो आहेत, भांड्यांवर नाव आहे, निम्म्या गल्लीशी केलेली भांडणं आहेत. पोरीचा आपण एक फोटोसुद्धा काढला नव्हता, वहिनी."

काकू उठून तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. अडतीस वर्षांत या घरात पोरीचा विषय पहिल्यांदा निघाला होता, आणि तो नणंदेने काढावा हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांनी पोरीचं नाव घेतलं. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा घेतलं.

नणंदेने नळ बंद केला.

"पुन्हा घे तिचं नाव," ती म्हणाली.