परतीचं पेट्रोल

"वायरलेस पायजे म्हंजे पायजे," दाजीसाहेब देशमुख म्हणाले आणि फॉर्म बोटाने माझ्याकडे सरकवला.

शिरड शहापूरजवळच्या एका गावात त्यांच्या ओसरीवर आम्ही दोघंच बसलो होतो. विलायतेहून येणाऱ्या एका छोट्या विमानाची ऑर्डर पक्की करायला मला हैदराबादच्या कंपनीने पाठवलं होतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं वर्ष होतं ते. मी ग्राउंड इंजिनिअर होतो. ग्राउंड इंजिनिअर विमान उडवत नाही. विमान उडवायला ठीक आहे अशी सही करतो आणि मग खाली उभा राहून ते जाताना बघतो.

मला पाठवलं, कारण ऑफिसात मराठी बोलणारा मी एकटा. आमच्या घराण्यात मी पहिला ग्रॅज्युएट. हिंगोलीच्या मास्तरांनी स्वतः अर्ज लिहून स्कॉलरशिप मिळवून दिली नसती, तर मी औतामागेच चाललो असतो. त्यांचे उपकार विसरणं शक्य नाही. पण मी नेमकं काय काम करतो, हे मराठीत सांगावं असं हैदराबादेत कुणी नव्हतं. आणि गावाकडे सांगून कुणाला कळत नव्हतं.

फॉर्मचे दोन भाग होते. स्टँडर्ड म्हणजे विमानासोबत येणारच त्या वस्तू. ऑप्शनल म्हणजे वेगळ्या मागवायच्या. मी एकेक वाचून मराठीत सांगत होतो.

"हे होकायंत्र. स्टँडर्ड आहे. दिशा दाखवतं."

"ते काहून? औंढ्याचं शिखर दिसलं की झालं. देवळाचं तोंड बघून पोरगं येईल बराबर."

"दुसऱ्या देवळावर चाललं असतं, दाजीसाहेब. आपलं नागनाथाचं देऊळ भक्तासाठी पश्चिमेला फिरलेलं आहे. नंदी मागेच राहिला."

ते मोठ्याने हसले. "लेका, तू हिकडचाच की! आन् मी मघापासून साहेब साहेब करून राहिलो. कुणाचा तू?"

मी बापाचं नाव आणि गाव सांगितलं.

"दोन कोसावर तर हाय. घरी जाऊन आला?"

"परतीचं तिकीट आजचंच काढलंय. पुढच्या खेपेला जाईन."

"माय हाय?"

"आहे."

त्यांनी फॉर्म पुन्हा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "व्हय. वाच फुडचं."

पुढे टर्न इंडिकेटर होता. ढगात शिरल्यावर विमान कलंडलंय की सरळ आहे हे माणसाला कळत नाही, ते हे यंत्र सांगतं. त्यांनी "घे" म्हटलं. रात्रीचे दिवे नको म्हणाले. मग पुन्हा वायरलेसवर आले.

विमान त्यांच्या एकुलत्या मुलासाठी होतं. माधवराव हैदराबादला वकिली करत आणि हौसेने विमान उडवायला शिकले होते. निघताना त्यांनी मला बजावलं होतं, "मोठी टाकी नक्की लिही. सकाळी बाबांना भेटून दिवेलागणीच्या आत परत आलो पाहिजे." वायरलेस मात्र दाजीसाहेबांच्या मनातला होता.

"पोरगं वर असताना बोलता येईल," ते म्हणाले.

"वायरलेसला दोन टोकं लागतात. वर एक सेट, खाली एक. खालच्याला सरकारी परवाना लागतो. इकडे खाली कुणीच नाही. त्यांना नुसती खरखर ऐकू येईल."

"मी असंन ना खाली."

 मी वजनाकडे वळलो. लहान विमानात पौंडापौंडाचा हिशेब असतो. वायरलेसचा सेट आणि मोठी टाकी दोन्ही घेतली तर सामानाला जागाच उरत नव्हती. एक काहीतरी सोडावं लागणार होतं. मी म्हणालो, "सेटवर काट मारू. टाकी ठेवू."

"टाकीनं काय व्हतं?"

"साध्या टाकीत हैदराबादहून इथवर येता येतं, परत जाता येत नाही. मोठ्या टाकीत येऊन-जाऊन पुरतं."

"म्हंजे उतरलं, जेवलं, गेलं?"

"हो. त्याच दिवशी."

"आन् न्हाई घेतली तर?"

"तर परतीचं पेट्रोल नांदेडहून मागवावं लागेल. दोन दिवस सहज जातील. इथे साठा करायचा तर परवाना काढावा लागेल."

"परवाना लवकर मिळत न्हाई," ते म्हणाले. अर्ज अजून कुणी केलाच नव्हता. "येण्यात धोका हाय का?"

"नाही. येऊन वर शिल्लक राहतं."

"मग टाकीवर बी काट मार. वायरलेस नको आता."

"पण माधवरावांनी—"

"इमान कुणाचं?"

मी दोन्हींवर काट मारली. त्यांनी मोडीत सही केली. वसमतच्या स्टेशनावर सोडायला त्यांनी गाडी जुंपून दिली. वाटेत आमच्या गावाचा फाटा लागला. मी घड्याळ बघितलं आणि गाडीवानाला सरळ चल म्हणालो.

हैदराबादला मॅनेजर साहेबांनी फॉर्म बघितला. "दोनों काट दिए? वजह का खाना खाली है."

"क्लायंट की मर्जी, साब."

"दस्तखत किसके हैं?"

"बाप के."

"तो जहाज भी बाप का. भेज दो."

विमान खोक्यांतून आलं, आम्ही जोडलं. माधवरावांनी आत डोकावून विचारलं, "टाकी कुठंय?"

"वजनामुळे..." मी सुरुवात केली.

"सेटही नाही, टाकीही नाही. मग वजन कसलं?"

"ते दाजीसाहेबांना विचारा."

त्यांनी विचारलं असेल असं वाटत नाही. पहिल्या खेपेला गेले ते तिसऱ्या दिवशी परतले. वैतागले होते. "करायला काही नाही तिथे. बाबा समोर बसून असतात. बोलत काहीच नाहीत. टाकीची ऑर्डर पाठव, आजच." मग सामानाच्या कप्प्यातून एक फडकं काढून माझ्या हातात दिलं. "हे तुझं. बाबांनी तुझ्या आईकडे माणूस पाठवला होता. ती म्हणाली म्हणे, इमान येतंय तर लेकरू का येत न्हाई?"

आत धपाटे होते, दोन दिवसांचे, कडक झालेले. विमानातून उतरलेली वस्तू म्हणून मी सवयीने ते फडकं काट्यावर ठेवलं. चार पौंड. सेट घेतला असता, टाकी घेतली असती, तर एवढीही जागा उरली नसती.

टाकीची ऑर्डर मी त्याच दिवशी पाठवली. काम ते काम. पण लढाई सुरू झाली आणि विलायतेहून सुटं सामान येणं बंद झालं. पुढे सरकारने विमानच लढाईच्या कामाला घेतलं. तोवर माधवराव सहा-सात वेळा गेले असतील. दर वेळी नांदेडच्या पेट्रोलची वाट बघत दोन-तीन दिवस राहिले. परवान्याचा अर्ज दाजीसाहेबांनी शेवटपर्यंत केला नाही.

नोकरीत पुढे असे पुष्कळ फॉर्म भरले. गिऱ्हाईक काय घेतो ते सगळेच विचारतात. काय नको म्हणतो आणि का, तेही विचारावं, एवढं मी शिकलो. आणि गावी जाताना परतीचं तिकीट काढणं सोडलं. ते तिकडेच काढतो. कधी कधी मिळायला दोन दिवस लागतात.