शिडाची पिशवी

"जुन्या शिडाचं कापड आहे," असं पिशव्या विकणारा दुकानदार म्हणाला तेव्हाच मला शंका आली. आमच्या बंदरात आता सगळ्या होड्यांना इंजिनं लागलीत. मग शीड येतं कुठून? त्याला खोटं पाडायचंच, म्हणून मी एक पिशवी घेतली आणि शिडं शिवण्यात हयात गेलेल्या बाबूकाकांच्या ओटीवर नेली; कुठून घेतली ते मात्र आधी सांगितलं नाही.

त्यांनी कापड उलटं करून बोटांनी चोळलं, मग तांब्याभर पाणी पिशवीत ओतलं. "खऱ्या शिडाचं सूत भिजलं की फुगतं. मग वारा अडतो, पाणीही अडतं," ते म्हणाले. आम्ही दोघं पिशवीच्या बुडाकडे बघत बसलो. एक थेंब पडला नाही.

दुकानदार खरा ठरला, पण काकांचा चेहरा उतरला. आमच्या वाडीत जुनं शीड कुणी विकत नाही. त्यावर भात वाळवतात, त्याची झोळी बांधून पोर निजवतात, उरल्या चिंध्या होडीच्याच फटी बुजवायला जातात.

मी दुकानदाराकडे जसं पाहिलं होतं, अगदी तसंच काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुणाच्या घरातनं आणलंस हे?"