आत्याच्या कागदावर माझं नाव नाही

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी माझ्या सख्ख्या आत्याला वेडी ठरवणाऱ्या कागदावर सही केली. हे मी आजवर कुठं बोललो नाही. आज पन्नाशी उलटली. गप्प राहण्याचाही एक कंटाळा येतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. रिसोडच्या शिवेला लागून तिची दोन एकरांची बाग होती. विहीर, डिझेलचं इंजन, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाग तिनं स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती आणि बाजारात टोपलीमागं बसली की गिऱ्हाइकाची काय बिशाद. "घेयाचं तं घे, भाजीले चिमटे कायले घेऊन राह्यली?" असं ती तहसीलदारणीलाही सुनवायची.

तिला भीती फक्त एकाच गोष्टीची. तिची आई साठीनंतर माणसं विसरली. मग आसेगावात दिलेली थोरली बहीण विसरू लागली, तर तिच्या सासरच्यांनी अकोल्याच्या कोर्टात अर्ज केला. कोर्टानं बहिणीला भान नाही असं ठरवून तिच्या दिराला तिचा पालक नेमलं. नातवंडं असलेल्या बाईला पालक. दिरानं पहिल्याच महिन्यात तिची शेळी विकली आणि तिला मागच्या खोलीत हलवलं. आत्या भेटून आली तेव्हा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाली, "मास्तर, म्या येडी व्हायच्या आधी मले माह्या येडेपणाचा बंदोबस्त करायचा हाय."

खरं तर बंदोबस्त तिनं करूनच ठेवला होता. वर्षभर आधी बाजारातल्या अर्जनविसाकडून माझ्या नावे मुखत्यारपत्र लिहून घेतलं होतं. ते पाकिटात घालून, लाख लावून पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं. तिचा हुकूम असा, की भानावर आहे तोवर पाकीट फोडायचं नाही. भान गेलं की फोडायचं आणि बागेचा कारभार मी हाती घ्यायचा. आमच्या घरात सगळ्यांना ही युक्ती फार पसंत पडली होती. अर्जनविसाकडं तर असं पाकीट करून घ्यायला आणखी दोन म्हातारे येऊन गेले.

वाशीमच्या एका वयस्कर वकिलांना मी हे सांगितलं. ते हसले नाहीत. तेव्हा वाशीम नुसता तालुका होता, अकोला जिल्ह्यातला. पण या वकिलांकडं लांबलांबून लोक येत. आत्या समोर बसली होती. ते तिलाच म्हणाले, "बाई, मुखत्यार म्हणजे तुमचा हात. तुमचं भान गेलं, की कायद्यानं मुखत्यारपत्र त्याच दिवशी रद्द. तुम्ही पाकीट फोडायला सांगितलंय नेमकं त्या दिवशी."

आत्या म्हणाली, "म्हंजे छत्री ठेवली, अन् पाण्यात उघडत नाही."

"तसंच."

"मंग दुसरी सांगा. आज सांगा. उद्याचा भरवसा नाही."

वकिलांनी विश्वस्तपत्राची वाट दाखवली. बाग आजच विश्वस्तांच्या नावे करायची, तिच्याच पोटापाण्यासाठी आणि तिच्याच राहण्यासाठी. पहिली विश्वस्त ती स्वतः. तिचं भान गेलं तर पुढं दोन जणांनी कारभार पाहायचा. भान गेलं हे त्याच दोघांनी ठरवायचं, तेही त्यातच लिहायचं, म्हणजे पालक नेमायला कोर्टाकडं जाण्याचं कारणच उरत नाही. आणि तिला विहिरीजवळच्या तिच्याच घरातून कोणी हलवायचं नाही, ही अट सगळ्यांत वर.

"म्हंजे मीच मालकीण अन् मीच माह्यी कारभारीण?" आत्यानं विचारलं. तिचे डोळे असे चमकत होते, की जणू तिचं लग्न ठरलं होतं. परतीच्या गाडीत ती शेजारच्या अनोळखी बाईला ही सगळी योजना सांगत होती. पुढची दोन माणसंही तिनं गाडीतच ठरवली: एक बाजारात तिच्या शेजारी टोपली मांडणारी बागवाली, आणि दुसरा मी.

त्या वेळी माझी सही होऊन पंधरा दिवस झाले होते.

आत्याच्या नवऱ्याचा पुतण्या माझ्याकडं आला होता. आपल्या काकूचं डोकं चालेनासं झालंय म्हणाला. इंजन दिवसभर चालू ठेवते, तुला तुझ्या वडिलांच्या नावानं हाक मारते. दोन्ही खरं होतं. एकेकदाच झालेलं, पण खरं. तिच्या भल्यासाठी कोर्टातून पालक नेमून घेऊ, तू फक्त प्रतिज्ञापत्र दे, घरातल्या मास्तराचा शब्द कोर्ट मानतं. आणि उठता उठता म्हणाला, रिठदच्या शाळेत जागा होतेय, जिल्हा परिषदेत माझी ओळख आहे. मी तेव्हा घरापासून चाळीस मैलांवर खोली करून राहत होतो. धाकटी मुलगी मला ओळखत नव्हती. मी सही केली. भल्यासाठी वगैरे मी तेव्हाही मानलं नव्हतं. मला रिठद हवं होतं.

नोंदणीचा दिवस उजाडला. आत्या पहाटे उठून नवं लुगडं नेसली होती. सोबत बागवाली. दोघी भर बाजाराचा दिवस सोडून निघालेल्या. गाडीत दोघींचं अखंड चाललेलं. बागवाली म्हणाली, "माय, डॉक्टरानं तुले शानी लिवून देल्लं तं बाजारात गिऱ्हाईक घाबरन वं." आत्या म्हणाली, "तुह्याजवळ कागद नाही ना शानपनाचा? मंग चूप बस." पुढच्या बाकावरचे लोक वळून हसत होते. पुतण्याला दिलेला कागद माझ्या डोक्यात होता आणि तरीही, खरं सांगतो, त्या दोघींचा उत्साह मलाही चढत होता.

डॉक्टरांचा दाखला अर्ध्या तासात मिळाला. वकिलांच्या खोलीत कागद वाचून दाखवणं सुरू झालं. विश्वस्त क्रमांक तीन म्हणून माझं नाव आलं, आणि वकील चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मास्तर, बाई भानावर आहेत याचे साक्षीदारही तुम्हीच. पुढं कोणी आव्हान दिलं तर सगळी भिस्त तुमच्या शब्दावर."

अकोल्याच्या कोर्टासाठी दिलेल्या कागदावर माझाच शब्द नेमका उलटा होता. पुतण्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले की संपलं. बाग गेली, घर गेलं, आत्या मागच्या खोलीत.

"थांबा," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. उभं राहून, शाळेतल्या पोरासारखं.

बागवालीनं तोंडाला पदर लावला. आत्या माझ्याकडं वळली.

"मले कायच्या बदल्यात इकलं?"

"बदलीच्या."

"कोनत्या गावची?"

"रिठदची."

"रिठद बरं गाव हाय," ती म्हणाली. मग वकिलांकडं वळली. "आता काय कराव लागते ते सांगा. रडनं-पडनं घरी जाऊन होईन."

वकिलांनी घड्याळ पाहिलं. नोंदणीसाठी कागद दुपारी तीनपर्यंतच घेत. अडीच वाजायला आले होते. माझं दुसरं प्रतिज्ञापत्र हवं होतं, पहिलं खोटं आहे आणि कशासाठी दिलं हे सांगणारं. ते म्हणाले, "यानं तुमची नोकरी अडचणीत येऊ शकते."

"लिवा," आत्या म्हणाली. माझ्याऐवजी तीच बोलली.

मग जे झालं ते आठवलं की आजही ऊर भरून येतो. टंकलेखक बडवत होता, मी सांगत होतो, बागवाली दारात उभी राहून "पावने तीन झाले, मास्तर" म्हणून हाकारत होती. कागद घेऊन मी तहसिलीत धावलो, दंडाधिकाऱ्यांपुढं शपथेवर सही केली, शिक्का ओला असतानाच परत धावलो. धोतराचा सोगा हातात धरून म्हातारे वकील पुढं, मागं दोन बाया, त्यांच्या मागं मी. निबंधकाच्या कचेरीत पोचलो तेव्हा कारकून वही मिटत होता. आत्यानं वहीवर हात ठेवला. "दादा, म्या शानी हाय तवरच घेऊन घे."

निबंधकांनी तिला समोर बसवलं, कागद स्वतः वाचायला घेतला. चतुःसीमेपर्यंत आले. "पूर्वेस नाला..."

"कोनाचा?" आत्या म्हणाली.

"नाला. पूर्वेस."

"पूर्वेले नाला कुठून आला, बाप्पा? पूर्वेले गाडीवाट. नाला पश्चिमेले. चाळीस वर्सं त्या नाल्यानं माह्ये वांगे खाल्ले, मले सांगता?"

वकील चपापले. टंकलेखकानं घाईत दिशा उलट्या मारल्या होत्या. आम्हा शिकलेल्या कोणालाही दिसलं नव्हतं. निबंधकांनी पेन खाली ठेवलं, हसले, आणि म्हणाले, "यांना आणखी काही विचारायची मला गरज वाटत नाही." दुरुस्ती झाली, तिथं अंगठा.

"आनखी एक दुरुस्ती," आत्या म्हणाली. "तीन नंबरचं नाव खोडा. ह्याच्या बायकोचं टाका. तिले कोनत्या गावची बदली नको."

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. साक्षीदार म्हणूनही मी नको, असं तेच म्हणाले. कारकुनाच्या ओळखीचे दोघे मिळाले. कागदावर कुठंच माझी सही पडली नाही.

पुतण्यानं तरीही अर्ज लावला. अकोल्यात वकिलांनी विश्वस्तपत्र आणि माझं दुसरं प्रतिज्ञापत्र पुढं केलं, तसा पहिल्या तारखेनंतर त्याचा वकील अर्ज मागं घेऊन मोकळा झाला. माझी चौकशी झाली, दोन वेतनवाढी थांबल्या, आणि मी तिथंच चाळीस मैलांवर राहिलो. आत्या माझ्याशी बोलायची, मला जेवू घालायची, मास्तर म्हणून चिडवायची. बागेच्या गोष्टी मात्र माझ्या बायकोशी.

सात वर्षांनी ती खरंच विसरू लागली. एका रविवारी माझी बायको आणि बागवाली विहिरीजवळ, जुन्या मोटेच्या धावेवर बराच वेळ बसून बोलल्या. आत आत्या आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर निजली होती. बायको संध्याकाळी घरी आली, पाय धुतले.

"ठरवलं आम्ही," ती म्हणाली.

"काय ठरवलं?"

तिनं पायपुसणं झटकलं. "तुमाले सांगाचं असं कागदात नाही," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली.